ईदच्या आदल्या रात्रीचं विमान

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गेला तसाच परत आला! संध्याकाळी शर्टाला कडक इस्त्री, बुटांना पॉलिश, गिटार खांद्याला. "आज हॉल भरणार, मॅगी," म्हणत बाहेर पडला ब्लेझ. मी कालवणाचा कांदा चिरून होते न होते तोच दारात उभा. "चांद दिसला. उद्यापासून रोजे. बार खलास."

आता महिनाभर इथलं, बहारीनचं, गाणंबजावणं बंद. हॉटेलांतले बार बंद, स्टेजवर खुर्च्या उलट्या. वाजवणारी सगळी मंडळी — गोव्याची, मनिलाची, कोलंबोची — रमजानात आपापल्या गावी सुट्टीला पळतात. आमचा नवरा मात्र इथेच. आणि महिनाभर गिटारला हात लावत नाही. घरातसुद्धा नाही! "खाली रुकय्याबाई उपाशी बसलीय आणि वर मी टणटण करू?" रुकय्याबाई म्हणजे खालच्या मजल्यावरची म्हातारी. तिला दारावरची बेल ऐकू येत नाही. पण या उंटावरच्या शहाण्याला कोण सांगणार.

बरंच झालं म्हणा. माझ्या कानांना महिनाभर सुट्टी. सुक्या बोंबलाचं कालवण केलं, जेवलो, लवकर झोपला.

२ मार्च, रविवार

काय लिहू. अक्षर बघा कसं येतंय.

हॉटेलच्या ऑफिसातून ब्रेंडाचा फोन आला. एचआरमध्ये असते, मंगलोरची पोर, स्वभावाने चांगली. ब्लेझला बोलावलं म्हणून मीही सोबत गेले. तिने दार लावून घेतलं आणि स्वतः उठून मला खुर्ची दिली, तेव्हाच मी ओळखलं. तीस वर्षं वॉर्डात नर्स होते. वाईट बातमी सांगायच्या आधी आम्हीही नातेवाइकांना खुर्ची द्यायचो.

"अंकल, व्हिसा रिन्यू होणार नाही. हॉलमध्ये मोठे स्क्रीन लागणार, डीजे येणार. एकतीस मार्च लास्ट डे." फ्लॅट हॉटेलचा, त्याची चावी त्याच दिवशी द्यायची. माझा व्हिसा ब्लेझच्या व्हिसावर. म्हणजे दोघांनी चंबूगबाळं उचलायचं आणि आपलं गाव, भुईगाव, गाठायचं. चाळीसहून जास्त वर्षं त्या एका हॉलमध्ये वाजवलं या माणसाने! ब्रेंडा जन्मली नव्हती तेव्हापासून.

ब्लेझने एकच विचारलं. "ईद कधी आहे?"

"तीस नाहीतर एकतीस. चांदावर आहे, अंकल."

"मग पहिली नोट मारून जातो," म्हणाला आणि उठला. तिला वर थँक्यू म्हणाला! मला तर तिथेच भोकाड पसरावंसं वाटत होतं.

३ मार्च, सोमवार

बोलत नाही. मी दोनदा भात करपवला.

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार. सकाळी चर्चमध्ये जाऊन कपाळाला राख लावून आलो. तू माती आहेस आणि मातीला मिळशील, वगैरे. ब्लेझ पायऱ्या उतरताना म्हणाला, "ते मला ब्रेंडाने रविवारीच सांगितलं." आमचा उपवासकाळ आणि यांचे रोजे यंदा एकत्रच आलेत.

पहिली नोट काय ते इथे लिहून ठेवते. भुईगावात कोणाला सांगून कळायचं नाही. फार वर्षं झाली, ब्रायन पोटात होता. ईदच्या संध्याकाळी बार उघडला तेव्हा बाकीचे वाजवणारे नुकते गावाहून उतरलेले, कोणाचं वाद्य जुळेना. ब्लेझ तेवढा इथेच राहिलेला. तो एकटा स्टेजवर चढला आणि एक सूर छेडला. एकच. महिन्याच्या शांततेनंतरचा पहिला. हॉलमधली माणसं हातातलं टाकून उभी राहिली म्हणे. तेव्हापासून रीतच पडली. ईदच्या संध्याकाळी मनामातले सगळे वाजवणारे आधी त्या हॉलमध्ये जमतात, ब्लेझ पहिली नोट मारतो, मग आपापल्या हॉटेलांत जाऊन कामाला लागतात. त्याच्या आधी कोणी तारेला हात लावत नाही. मी वर्षातून तेवढी एकदा त्या हॉलमध्ये जाते. साडी नेसून, पुढच्या टेबलावर.

दुपारी ब्रेंडाचा मेसेज. तिकिटाची तारीख सांगा आंटी, आजच बुक करायचंय. मी हुशार! भिंतीवरचं गावचं कॅलेंडर बघितलं. त्यात ईद एकतीसला, सोमवारी. आणि इथल्या आपल्या लोकांचा हिशोब पक्का आहे: गावच्या कॅलेंडरातून एक दिवस वजा करायचा, ती इथली ईद. आम्ही नर्सा याच हिशोबावर ड्यूट्या बदलून घ्यायचो. म्हणजे इथे ईद रविवारी. रविवारी संध्याकाळी पहिली नोट, रात्रीचं विमान, सोमवारी पहाटे मुंबई. सोमवारी तिकडे ईदची सुट्टी, त्यामुळे ब्रायनला रजा टाकायला नको, गाडी घेऊन येईल. सगळं कसं चपखल बसलं! "संडे नाइट" लिहून पाठवलं.

"स्टेजवरून थेट विमानात," मी ब्लेझला म्हटलं. "मोठे स्टार लोक असंच करतात." हसला. ब्रेंडाच्या ऑफिसातून आल्यापासून पहिल्यांदा हसला.

८ मार्च, शनिवार

ब्रायनचा फोन. "डॅड मस्ट बी सो रिलॅक्स्ड, नो?" मी म्हटलं, हो बाबा, फारच. पोराला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच यायचं. इथल्या शाळेची कृपा.

रिलॅक्स्ड! बसलाय बाल्कनीत. खालच्या पार्किंगकडे बघतो आणि बघतच राहतो. ऑफिसातनं आल्यावर पहिल्या दिवशी जी पँट काढून टाकली ती अजून खुर्चीवर तशीच आहे.

मला आठवत बसायला होतं. भुईगावात लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारं पोरगं. तिथून हॉटेलच्या बँडमध्ये इथे आलं. एका अमेरिकन खलाशाने बदली झाल्यावर कॅसेटींची पिशवी याच्याकडे टाकली आणि हा ब्लूजच्या नादी लागला. मी लग्न होऊन आले, पहिल्यांदा ऐकलं आणि विचारलं, कोण मेलंय? खरंच तसं वाटलं! आमच्याकडे मयताला बाया हेल काढून रडायच्या, त्याला ताल लावला की झालं याचं ब्लूज. हे त्याला इतकं आवडलं की स्टेजवरून सांगायचा. माय वाइफ सेज, माय वाइफ सेज. लोक टाळ्या पिटायचे.

आणि ते त्याचं थांबणं! सूर येणार येणार म्हणून आपण श्वास धरावा, आणि हा थांबतो. मग मारतो, जरासा उशिरा. आता मनामातल्या कुठल्याही हॉटेलात जा, गिटारवाला थांबतोच. फिलिपिनो थांबतात, बहारीनी पोरं थांबतात, दुबईपर्यंत थांबणारे पोचलेत. त्यांना वाटतं यात केवढं दुःख साठवलंय. दुःख कसलं डोंबलाचं! हॉलमध्ये स्टेजच्या बाजूला किचनचं दार होतं. वेटर ट्रे घेऊन गेला की धाडकन आपटायचं. ब्लेझ दार आपटून होईपर्यंत थांबायचा आणि मग सूर मारायचा. पुढे दाराला रबर लावलं, आवाज गेला, याचं थांबणं राहिलं. निम्म्या आखाताने आमच्या किचनच्या दाराची नक्कल केली.

एवढं सगळं, आणि रेकॉर्ड एक नाही. हॉटेलातल्या वाजवणाऱ्याची रेकॉर्ड कोण काढतो? मोबाइलवर कोणीतरी काढलेला एक व्हिडिओ आहे. त्यात अर्धा वेळ वेटरची पाठ दिसते.

११ मार्च, मंगळवार

मेले मी. मेले, मेले.

इफ्तारनंतर लतीफ आला. अरादचा, इथलाच बहारीनी. मिसरूड फुटायच्या आधीपासून ब्लेझकडे शिकायला यायचा, आता स्वतः आजोबा झालाय, स्वतःचा बँड आहे. ब्लेझला उस्ताद म्हणतो आणि मला सिस्टर. ईदला हॉलमध्ये त्याचाच बँड आहे. आईने दिलेलं हरीसचं, गहू-मटणाच्या खिमटाचं, भांडं घेऊन आला होता. मी आत चहा टाकला. बाहेरून ऐकू आलं, "उस्ताद, इस बार तो पूरे तीस रोजे. ईद मंडे को."

मी गाळणं घेऊनच बाहेर. "कोण म्हणतं?"

"सब बोलते हैं, सिस्टर. अ‍ॅप भी, अखबार भी." मोबाइल काढून दाखवला. एकोणतीसच्या संध्याकाळी चंद्र सूर्याच्या इतका जवळ असणार की डोळ्यांनी काय, दुर्बिणीनेही दिसायचा नाही. अशक्य, असा शब्द होता. चांद नाही तर रविवारी तिसावा रोजा. ईद सोमवारी. इथेही सोमवारी.

माझा हिशोब! एक दिवस वजा!

"आमचं विमान रविवारी रात्री आहे," ब्लेझ म्हणाला. अगदी हळू. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. लतीफ चहा न पिताच गेला.

१२ मार्च, बुधवार

सकाळी ब्रेंडाकडे. सोमवारी रात्रीचं दे, अगदी मध्यरात्रीचं दे, कुठूनही फिरून जाणारं दे. तिने खरंच खूप खटपट केली बिचारीने. ईदची गर्दी, सगळे गावी निघालेत, सीट मफी, एकही नाही. फिरून जाणारंही मफी. जागा आहे ती थेट ईदनंतरच्या आठवड्यात, आणि तोवर व्हिसा संपलेला. "आंटी, तुम्ही त्या दिवशी मंडे म्हणाला असता तर सीट होती ना."

होती. मला माहीत आहे होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोणी विचारलं होतं कॅलेंडर बघायला? लतीफला एक फोन करायचा, ईद कधी रे बाबा? पण नाही. मी शहाणी, मला सगळं येतं!

१४ मार्च, शुक्रवार

शुक्रवारची मिस्सा झाली. इथे रविवार कामाचा, म्हणून शुक्रवारीच रविवार करायचा. गुडघ्यावर बसले आणि काय मागितलं देवाकडे, तर मुसलमानांचा चांद! उपवासकाळात, ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं ध्यान करायच्या वेळी. मरिये, तू आई आहेस, सांग ना त्याला, एक दिवस लवकर दाखव म्हणावं. मग लाज वाटली. मग परत तेच मागितलं.

घरी येऊन ब्लेझला म्हटलं, मला शिव्या दे. चार शिव्या दे, म्हणजे मोकळी होईन. म्हणाला, "तुझी काय चूक? आपण सगळे असंच मोजतो." हे ऐकून तर मला जास्तच रडू आलं. रागवणारा नवरा बरा गं बाई. हा असा समजूतदार झाला की वाटतं आत काही उरलंच नाही.

१५ मार्च, शनिवार

लतीफ परत येऊन गेला. म्हणाला, माझ्या घरी राहा, आठवडाभर, कोण विचारतंय? ब्लेझने हात जोडले. "लतीफ, इतकी वर्षं या मुलुखात एक दिवस बिनव्हिसाचा राहिलो नाही. आता म्हातारपणी लपून बसू?" लतीफने मला डोळ्यांनी खुणावलं, तुम्ही सांगा. मी काय सांगणार. माझी सांगायची ऐपत गेली.

१७ मार्च, सोमवार

आज भांडलो. कडाक्याचं भांडलो.

समाधान आला होता. हॉटेलचा इलेक्ट्रिशियन, नांदेडचा. हॉलचं साउंडही तोच बघतो. ब्लेझच्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही हा. मला ताई म्हणतो, आल्यावर जय भीम ताई, जाताना जय भीम ताई. तो म्हणाला, सगळ्यांनी ठरवलंय, लतीफनेही. ईद नाही तर नाही, निघायच्या आधीच एका शुक्रवारी करू. आमच्या मंडळाचा हॉल आहे, बुद्धवंदना करतो तो. दारं बंद करू, आवाज बारीक ठेवू, पन्नास माणसं येतील. गावी गेलेले दोघं-तिघं तर तिकीट काढून परत यायला तयार आहेत. "सरांनी नुसती एक नोट मारायची, ताई. एकच."

मला वाटलं, आहे, देव आहे!

ब्लेझ म्हणाला, "रमजानात नाही."

समाधान म्हणाला, सर, बंद हॉलमध्ये कोणाला कळतंय?

"मला कळतंय." संपलं.

समाधान गेल्यावर मी तोंड सोडलं. म्हटलं, तू कुठला मोठा मौलवी लागून गेलास? लतीफ स्वतः मुसलमान, तोसुद्धा चालेल म्हणतोय! तुझी गिटार वाजली तर कोणाचा रोजा मोडणार आहे? तो म्हणाला, "मॅगी, महिनाभर गप्प राहायचं आणि मग वाजवायचं, त्यालाच पहिली नोट म्हणतात. मध्येच वाजवली तर ती नुसती नोट." मी म्हटलं, मग बस तुझी पहिली-दुसरी मोजत! नुसती तर नुसती, माणसं येतायत ना तुझ्यासाठी? दार आपटून आत गेले.

आणि आत जाऊन कळलं, तो बरोबर बोलतोय. तेच तर दुखणं आहे. चुकीचं बोलला असता तर मी जिंकले असते.

१९ मार्च, बुधवार

योसेफबाबाचा सण. पायस केलं. खाल्लं नाही त्याने.

२२ मार्च, शनिवार

बांधाबांध. इतक्या वर्षांचा संसार दोन सुटकेसांत बसवायचा म्हणजे काय ते करून बघावं. मिक्सर रुकय्याबाईच्या सुनेला दिला. पडदे कोणाला नकोत.

समाधान येऊन अ‍ॅम्प्लिफायर घेऊन गेला. ब्लेझनेच दिला त्याला. भुईगावात काय करायचंय म्हणाला, दिवसातून चार वेळा लाइट जाते. समाधान दारात रडला. एवढा बाप्या माणूस, अ‍ॅम्प्लिफायर पोटाशी धरून रडला! ब्लेझने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि सांगितलं, "डावीकडचं बटन जपून फिरव, सैल झालंय."

गिटारची बॅग बंद आहे. तिच्याकडे बघत नाही. मी झाडताना तिला हलवली तर मान वळवली.

त्याच्या डोळ्यांत मी वॉर्डातले पेशंट बघते. ऑपरेशनला नाही म्हणणारे असायचे काही. भांडत नाहीत, रडत नाहीत, जेवणाचं ताट नुसतं बाजूला सरकवतात. मला फार भीती वाटते. भुईगावात जाऊन हा माणूस सहा महिने काढणार नाही. लिहिलं एकदाचं. लिहिल्याने काय खरं होत नाही.

२४ मार्च, सोमवार

लतीफला फोन केला. काही बदललं का? "सिस्टर, चांद बदलता नहीं."

बरोबर आहे. तोही बिचारा काय करणार.

२६ मार्च, बुधवार

आज बोलला. संध्याकाळी बाल्कनीत. मी वाळलेले कपडे काढत होते.

"मॅगी, मी शेवटचं काय वाजवलं ते मला आठवत नाही."

म्हटलं, कधी?

"त्या गुरुवारी. रोजे लागायच्या आधी. मला माहीतच नव्हतं ना शेवटचं आहे. मोठ्या टीव्हीवर फुटबॉल चालू होतं. लोक तिकडे बघत होते. मी घड्याळ बघत वाजवत होतो, गुडघा दुखत होता. शेवटी काय वाजवलं, कसं संपवलं, काहीच आठवत नाही. रोज आठवायचा प्रयत्न करतो."

कपडे हातात घेऊन मी तशीच उभी. म्हणजे हा रोज इथे बसून पार्किंग बघत नव्हता. हे शोधत होता.

"एवढी वर्षं वाजवलं," म्हणाला, "आणि शेवट असा झाला. कोणी बघत नव्हतं. मीसुद्धा नव्हतो."

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, चहा टाकू? अस्सा राग आलाय मला माझाच! रविवारऐवजी सोमवार म्हणायचं होतं, एक शब्द होता. एका शब्दाने त्याची सगळी वर्षं मी पाण्यात घातली.

२८ मार्च, शुक्रवार

इथली शेवटची मिस्सा. फादरांनी आमच्यासाठी प्रार्थना केली. नावं घेतली तेव्हा लोकांनी मागे वळून बघितलं. पुष्कळ हात हलवले. ब्लेझला एकजण म्हणाला, "अंकल, मंडेला भेटू, ईदला." त्याला ठाऊकच नव्हतं. ब्लेझ "इंशाल्ला" म्हणाला.

ब्रायनला फोन. सोमवारी पहाटे येतोय ना? "ऑफ कोर्स मॉम, इट्स अ हॉलिडे." हो रे बाबा, हॉलिडे. त्या हॉलिडेसाठीच तर सगळं केलं.

आता चांदासाठी मागत नाही. मागून मागून जीभ थकली. अ‍ॅप, अखबार, दुबईचे शास्त्रज्ञ, सगळे सांगतायत अशक्य. लतीफने आज परत मेसेज पाठवला, कुठल्याशा विद्यापीठाचा नकाशा. अख्खं आखात लाल रंगात, लाल म्हणजे दिसणार नाही. तो का पाठवतो कळत नाही. बहुतेक आम्ही उगाच आशा धरू नये म्हणून. चांगल्या मनानेच करतो.

२९ मार्च, शनिवार, दुपार

सकाळी ब्रेंडा आली. ब्लेझने हॉटेलचं ओळखपत्र काढून दिलं. फोटोत काळेभोर केस. तिने ते पर्समध्ये न टाकता हातातच धरून ठेवलं. जाताना पाया पडल्यासारखी वाकली, मंगलोरच्या पोरी अशा नसतात खरं तर, कुठून शिकली कोण जाणे.

मग त्याने लतीफला फोन लावला. स्पीकरवर ठेवला. मी भांडी पुसत होते.

"लतीफ, मंडेला पहिली नोट तू मारायची."

तिकडून नुसतं "ला, ला, उस्ताद, ला." म्हणजे नाही, नाही.

"ऐक. हॉल गप्प राहता कामा नये. सगळे येणार, उभे राहणार, आणि कोणी वाजवणार नाही? तसं नको. तू मार. जास्त थांबू नकोस, तुला थांबायची सवय आहे."

"मुझसे नहीं होगा."

"उस्ताद म्हणतोस ना? मग ऐक माझं."

मग लतीफ म्हणाला, "हाज़िर." शाळेत हजेरी देतात तसं.

ब्लेझने फोन ठेवला आणि जाऊन पडला, भिंतीकडे तोंड करून. मी पाय दाबायला बसले तर पाय ओढून घेतले. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. दुसऱ्याला देऊन टाकलं त्याने. आता काही राहिलं नाही. सुटकेसांना पट्टे बांधले, वजन बरोबर भरलं. फ्रीज पुसून घेतला. उद्या रात्री निघायचं. मी त्याला सुखरूप घरी नेईन आणि तिथे तो माझ्यासमोर संपेल. मला दुसरं काही दिसत नाही.

२९ मार्च, संध्याकाळ

चांद दिसला!!

टीव्हीवर जाहीर झालं. शास्त्रज्ञ काय म्हणतात ते म्हणोत, उद्या रविवारी ईद, आमच्या विमानाच्या आधी! लतीफचा फोन आला, "उस्ताद... उस्ताद..." एवढंच.

ब्लेझ उठून बसला. मग म्हणाला, "मॅगी, नेलकटर कुठल्या बॅगेत आहे?" दोन्ही सुटकेसांचे पट्टे सोडले, सगळं जमिनीवर काढलं, सापडलं. आता दिव्याखाली बसून डाव्या हाताची नखं कापतोय. महिनाभरात वाढलीत, ती घेऊन तार दाबता येत नाही.